समुद्र हा नकाशाचा समास नव्हे

सोळाव्या शतकातल्या जपानवर बेतलेल्या 'टोटल वॉर: शोगुन २' या स्ट्रॅटेजी गेममध्ये उएसुगी घराणे निवडले की खेळाची सुरुवात एचिगो प्रांतात होते. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा प्रांत. समोर समुद्र आणि पाठीशी डोंगर. खेळाडूने शेती वाढवायची, किल्ला बळकट करायचा, भालेकरी भरती करायचे आणि सवड मिळताच दक्षिणेला कूच करायचे. वर्षाचे चार टर्न म्हणजे खेळाच्या पाळ्या असतात, प्रत्येक ऋतूचा एक. हिवाळ्याचा टर्न आला की पडद्यावरचा मुलूख पांढरा होतो, परक्या प्रांतात सापडलेल्या सैन्याची काही झीज होते आणि पुढच्या टर्नला सगळे पुन्हा हिरवे होते. हा डाव मी कित्येकदा खेळलो आहे आणि ऐन हिवाळ्यातही माझे सैन्य डोंगराच्या खिंडीत कधी अडलेले नाही. या घराण्याचा सोळाव्या शतकातला प्रमुख उएसुगी केन्शिन याचा कासुगायामा किल्ला आजच्या ज्या जोएत्सु शहरात आहे, त्याच शहरातील ताकादा येथे २६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमिनीवर ३७७ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. म्हणजे दोन पुरुषांहून अधिक.

या बर्फाचे कारण जपानच्या बेटपणातच आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे कोरडे, थंड वारे समुद्रावरून जाताना खालच्या उबदार प्रवाहाची वाफ उचलतात, होन्शू बेटाच्या कण्यासारख्या डोंगररांगांना धडकतात आणि पश्चिमेच्या उतारावर ती सगळी वाफ बर्फ होऊन उतरते. डोंगरांच्या पलीकडे, पॅसिफिकच्या बाजूला, त्याच दिवशी कोरडे ऊन असते. केन्शिनच्या स्वाऱ्यांचा क्रम या हवामानाने ठरवलेला होता. मिकुनी खिंड ओलांडून आजच्या तोक्योभोवतीच्या कांतोच्या मैदानात जायचे तर बर्फ पडण्याआधी पलीकडे उतरायचे, हिवाळा तिकडेच काढायचा आणि वाट मोकळी झाल्यावर घरी परतायचे, असे त्याने अनेकदा केले. तो परतला की त्याच्यापुढे मान तुकवलेले कांतोचे सरदार पुन्हा त्याच्या प्रतिस्पर्धी होजो घराण्याकडे वळत. इतक्या लढाया करूनही कांतो त्याच्या हाती का राहिला नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या बर्फात आहे आणि गेममध्ये नेमका तोच भाग नाही.

बेटांच्या देशाचा आकार हे गेम हुबेहूब दाखवतात, पण त्याचा भूगोल त्यांच्या हातून निसटतो, असे माझे म्हणणे आहे. आकार म्हणजे किनाऱ्याची रेषा. भूगोल म्हणजे त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना माणसाला काय करता येते, केव्हा करता येते आणि त्यासाठी किती तांदूळ, किती हात आणि किती दिवस लागतात, याचा हिशेब. रेषा उपग्रहाच्या चित्रावरून उतरवून घेता येते. हिशेब मात्र अभ्यासूनच मांडावा लागतो. हा केवळ गेम खेळणाऱ्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत वाढणाऱ्या आजच्या मुलाला सोळाव्या शतकातल्या जपानची पहिली ओळख शाळेच्या पुस्तकातून होत नाही, कारण त्या पुस्तकांत तो विषय जवळजवळ नसतोच. ती या नकाशांतून होते. शेकडो तास ज्या नकाशाकडे पाहिले तो मनात असा बसतो की पुढे वाचलेला इतिहासही त्याच नकाशावर मांडला जातो. म्हणून चिलखताच्या दोऱ्या आणि तलवारीची मूठ यांच्या अचूकतेची जितकी चर्चा होते, तितकीच चर्चा नकाशाची व्हायला हवी.

आधी या गेमना जे साधले आहे ते मान्य करायला हवे. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने २००० साली 'शोगुन: टोटल वॉर' आणि २०११ साली 'शोगुन २' काढला तेव्हा जपानचे जुने प्रांत नावांसह वापरले, एचिगो, काई, ओवारी, सागामी ही नावे जगभरच्या खेळाडूंच्या तोंडी बसली. दुसऱ्या गेममधला नकाशा पाहण्यासारखा आहे. डोंगर तिथे खरोखर भिंतीसारखे उभे राहतात आणि सैन्याला खोऱ्याखोऱ्यांतून वळसे घ्यावे लागतात. ज्या देशाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग डोंगराळ आहे, तिथे हे दाखवणे महत्त्वाचे होते. जमिनीवरचा अडथळा त्यांना समजला आहे. अडचण पाण्यापाशी सुरू होते.

बहुतेक स्ट्रॅटेजी गेममध्ये समुद्र म्हणजे एकसारखी निळी जागा असते. तिच्यावरून जहाज एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ जाते, सगळीकडे सारख्याच वेगाने, सकाळी आणि संध्याकाळी सारखेच. 'सिव्हिलायझेशन' मालिकेच्या पाचव्या भागापासून तर योग्य तंत्रज्ञान हाती आले की जमिनीवरचे पथक पाण्यात पाऊल टाकताच आपोआप जहाजात बसते. जहाज कोणी बांधले, सुकाणूवर कोण आहे, हे विचारायची गरज उरत नाही. शोगुन २ या बाबतीत अधिक जबाबदार आहे. तिथे सैन्य पलीकडे न्यायचे तर आरमार खरोखर बांधावे लागते आणि पश्चिम जपानमधल्या मोरी घराण्याला जहाजांच्या बाबतीत सवलत दिलेली आहे. पण ते आरमार ज्या पाण्यावर तरंगते त्या पाण्याला स्वभाव नाही.

सेतो अंतर्समुद्र पाहा. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन बेटांच्या मध्ये अडकलेला हा अरुंद समुद्र शेकडो लहान बेटांनी भरलेला आहे. भरतीचे पाणी त्यात दोन्ही टोकांनी शिरते आणि बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून वाहू लागते. शिकोकूजवळच्या कुरुशिमा सामुद्रधुनीत हा प्रवाह ताशी १८ किलोमीटरपर्यंत पोहोचतो. वल्ह्यांची होडी त्याच्याविरुद्ध जाऊच शकत नाही. अशा पाण्यात सत्ता त्याची, ज्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाठ आहे. ती सत्ता मुराकामी घराण्याच्या तीन शाखांकडे होती: नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा. त्यांपैकी नोशिमा हे इतके लहान बेट आहे की पायी फेरी मारायला फार वेळ लागणार नाही. त्यावर किल्ला होता आणि भोवतालच्या खडकावर जहाजे बांधण्यासाठी व धक्के उभारण्यासाठी खोदलेल्या खळग्यांच्या रांगा आजही ओहोटीला उघड्या पडतात. बेटाचे तट जे काम करू शकले नसते ते काम भोवतीचा प्रवाह करीत असे. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांनी मुराकामींना जकात द्यायची, त्यांचा वाटाड्या घ्यायचा आणि त्यांचे निशाण लावून पुढे जायचे, अशी ही व्यवस्था होती. लुईस फ्रोइस या जेझुइट धर्मोपदेशकाच्या लिखाणातही नोशिमाच्या प्रमुखाचा दबदबा दिसतो. फ्रोइसच्या मंडळींनी प्रवासासाठी त्या प्रमुखाचे अभयचिन्ह मिळवले होते.

या मुराकामींना चाचे म्हणायचे की समुद्राचे दाइम्यो, म्हणजे मुलूख राखणारे सरदार, यावर वाद होऊ शकतो. पण त्यांच्यावाचून त्या काळच्या राजकारणाचा अर्थ लागत नाही, यावर वाद नाही. ओसाकाच्या इशियामा होंगान-जी या मठ-किल्ल्याला, देश एका अमलाखाली आणू पाहणाऱ्या ओदा नोबुनागाने १५७० पासून तब्बल दहा वर्षे वेढा घातला. तो इतका लांबला, कारण किल्ल्याची एक बाजू पाण्याकडे होती. १५७६ मध्ये मोरी आणि मुराकामी यांच्या आरमाराने किझु नदीच्या मुखाशी ओदाची जहाजे जाळून किल्ल्यात धान्य पोहोचवले. जमिनीवर जवळजवळ अजिंक्य ठरलेल्या नोबुनागाला पाण्यावर उत्तर शोधण्यासाठी दोन वर्षे लागली. त्याच्या आरमाराचा प्रमुख कुकी योशिताका याने ईसेच्या किनाऱ्यावर सहा प्रचंड जहाजे बांधली, ती की द्वीपकल्पाला वळसा घालून ओसाकाच्या उपसागरात आणली आणि १५७८ मध्ये ती वाट बंद केली. १५८० मध्ये होंगान-जीने शरणागती पत्करली. शोगुन २ मध्ये समुद्री चाचे आहेत, पण ते व्यापार लुटणारा उपद्रव म्हणून येतात. ज्यांची परवानगी घेतल्याशिवाय देशाच्या सर्वांत वाहत्या रस्त्यावरून जाता येत नव्हते, अशी माणसे म्हणून ते कुठेच भेटत नाहीत. १५८८ मध्ये नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने चाचेगिरीवर बंदी घालणारा हुकूम काढला, तेव्हा त्याला एका उपद्रवाचा बंदोबस्त करायचा नव्हता. जकातीचा हक्क असलेली एक समांतर सत्ता मोडायची होती.

'रस्ता' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. गेमच्या नकाशावर जमीन ही चालण्याची जागा असते आणि समुद्र हा अडथळा. जपानमध्ये जड माल हलवायचा असेल तर परिस्थिती बरोबर उलटी होती. एका घोड्यावर तांदळाच्या दोन गोण्या लादता येत आणि डोंगरातल्या वाटेवर तो घोडा नेण्यासाठी एक माणूस लागे. एदो काळातले, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले, हजार कोकु (कोकु हे तांदळाचे माप) क्षमतेचे जहाज सुमारे १५० टन तांदूळ वाहून नेई, तेही वीसेक खलाशांच्या बळावर. हजाराहून अधिक घोड्यांचे ओझे एका शिडावर! म्हणूनच कावामुरा झुइकेन याने १६७१ आणि १६७२ मध्ये देवा आणि मुत्सु या उत्तरेकडच्या प्रांतांतील तांदूळ एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, पोहोचवण्यासाठी जे दोन सागरी मार्ग बसवले, त्यांतला पश्चिमेचा मार्ग नकाशावर वेडावाकडा वाटतो. साकाता बंदरातून निघालेला तांदूळ पश्चिम किनाऱ्याने खाली उतरतो, शिमोनोसेकीला वळून सेतो समुद्रात शिरतो, ओसाकाला येतो आणि तिथून पुन्हा पॅसिफिकच्या किनाऱ्याने एदो गाठतो. सरळ रेषेत डोंगर ओलांडून गेले असते तर अंतर किती तरी कमी होते. तरीही हाच मार्ग स्वस्त आणि खात्रीचा ठरला. एखाद्या गेमने एवढा एक हिशेब मांडला, म्हणजे कोणत्या मार्गाने किती तांदूळ किती दिवसांत पोहोचतो हे खेळाडूला दाखवले, तर ओसाका हे शहर इतके श्रीमंत का झाले हे कोणी न सांगता त्याच्या ध्यानात येईल.

किनाऱ्याच्या रेषेविषयी आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण तीच सर्वांत निर्विवाद समजली जाते. आजचा किनारा म्हणजे सोळाव्या शतकातला किनारा नव्हे. ११८४ मध्ये मिनामोतो आणि ताइरा घराण्यांतल्या गेन्पेई युद्धात फुजितो येथे सासाकी मोरित्सुना याने घोड्यावर बसून समुद्राचा पट्टा ओलांडला आणि पलीकडच्या कोजिमा बेटावर ठाण मांडलेल्या ताइरा सैन्यावर हल्ला केला. ती जागा आज पाहायला गेले तर पाणीच दिसत नाही. कोजिमा हे बेट गाळ आणि भराव यांमुळे सतराव्या शतकात मुख्य भूमीला जोडले गेले आणि तो समुद्र आता कुराशिकी शहराच्या जमिनीत आहे. तोने नदी पूर्वी एदोच्या उपसागराला मिळत असे. टप्प्याटप्प्याने तिचे पाणी पूर्वेकडे वळवण्याचे काम १६५४ पर्यंत चालले आणि आज ती चोशीजवळ पॅसिफिकला मिळते. आधुनिक नकाशा समोर ठेवून होजो आणि उएसुगी यांची युद्धे मांडली, तर ज्या नद्यांच्या आणि दलदलीच्या आधाराने ती लढली गेली त्याच जागेवरून हललेल्या असतात.

मला यातले सर्वांत बोलके उदाहरण नागाशिमाचे वाटते. किसो, नागारा आणि इबी या तीन नद्या ईसेच्या उपसागराला मिळतात तिथे त्रिभुज प्रदेशातल्या सखल बेटांवर इक्को या बौद्ध पंथाच्या शेतकऱ्यांनी आणि भिक्षूंनी नोबुनागाला आव्हान दिले. हे ठिकाण त्याच्या स्वतःच्या ओवारी प्रांताच्या दारात होते. तरीही १५७१ आणि १५७३ या दोन्ही स्वाऱ्या फसल्या. चिखल, वेळूची बने, वाटा बदलणारे पाणी आणि पाण्यावरून पोहोचणारी रसद यांच्यापुढे त्याच्या पायदळाचे आणि बंदुकांचे काही चालले नाही. १५७४ मध्ये कुकीची जहाजे समुद्राच्या बाजूने वर आली, नाकेबंदी झाली, उपासमार झाली आणि शेवटी कुंपण घालून आत कोंडलेली माणसे जाळण्यात आली. परंपरेने सांगितला जाणारा आकडा २० हजारांचा आहे. त्या तीन नद्या पुढे शतकानुशतके पुरांनी आणि बांधबंदिस्तीने बदलत गेल्या आणि योहानिस द रेके या डच अभियंत्याच्या आराखड्यानुसार मेइजी काळात, १८६८ नंतर, त्यांचे प्रवाह एकमेकांपासून वेगळे करण्यात आले. आजच्या नकाशावरच्या तीन सुबक निळ्या रेषा पाहून नागाशिमाचा वेढा समजणे अशक्य आहे. ज्या गेममध्ये ओवारीच्या शेजारचा हा मुलूख एका टर्नमध्ये सपाटून घेता येतो, तो गेम खेळाडूला सोपा विजय देतो आणि त्या माणसांनी तीन वर्षे कशाच्या बळावर तग धरली हे झाकून टाकतो.

या ठिकाणी जुन्या काळाकडे वळून पाहावेसे वाटते. जपानच्या कोएई कंपनीचा 'नोबुनागाज ॲम्बिशन' हा गेम १९८३ साली आला तेव्हा त्यात मध्य जपानचे अवघे १७ प्रांत होते. १९८६ च्या आवृत्तीत सगळा देश ५० प्रांतांत आला. त्या काळच्या संगणकाची ताकद फार थोडी होती. नकाशा म्हणजे आकडे टाकलेले काही रंगीत तुकडे. पण त्या मालिकेतल्या सुरुवातीच्या गेममध्ये पूर येत, वादळे येत, साथी येत, तांदळाचे पीक शरद ऋतूत हाती येई आणि खेळाडूला मिळणाऱ्या मोजक्या आज्ञांमध्ये एक आज्ञा बंधारे बांधण्याची असे. ज्याने ते काम टाळले त्याचे पीक पुरात जाई. काई प्रांतात ताकेदा शिंगेनच्या नावाने ओळखला जाणारा नदीकाठचा बांध आजही दाखवला जातो. लढवय्या म्हणून गाजलेल्या या माणसाची बरीच शक्ती पाणी आवरण्यात गेली होती. चारचौकोनी तुकड्यांच्या त्या नकाशाला हे ठाऊक होते आणि झाडाझाडांवर पाकळ्या उधळणाऱ्या आजच्या नकाशांना त्याचा विसर पडला आहे. चित्र जितके खरे भासते तितका त्यातला हिशेब खरा असेलच असे नाही, हे मी याच दोन गेमच्या तुलनेतून शिकलो.

नकाशाच्या कडा हा आणखी एक विषय आहे आणि तो अधिक नाजूक आहे. कोणत्याही नकाशाला कडा लागतात. पण बेटांच्या देशाचा नकाशा करताना समुद्र ही आपोआप मिळालेली चौकट आहे असे वाटते आणि मग जे पाण्यापलीकडे आहे ते खेळाबाहेर जाते. शोगुन २ मध्ये कोरिया आणि चीन नाहीत. नकाशाच्या पश्चिम कडेला व्यापाराची काही ठाणी आहेत, तिथे जहाज उभे केले की रेशीम किंवा हस्तिदंत मिळते. त्सुशिमाच्या सो घराण्याला हा नकाशा दाखवला असता तर त्यांना आपले बेट ओळखता आले नसते. त्सुशिमा बुसानपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि क्यूशूच्या हाकाता बंदरापासून त्याच्या दुपटीहूनही दूर. बेटावर शेतीची जमीन नावापुरती. सो घराणे जगत होते ते कोरियाशी चालणाऱ्या व्यापारावर आणि तिथून येणाऱ्या तांदळावर. त्यांच्या दृष्टीने ते देशाच्या टोकाला नव्हतेच. ते दोन देशांच्या मध्ये होते. १५९२ मध्ये हिदेयोशीने कोरियावर दीड लाखाहून अधिक सैन्य पाठवले आणि कोरियाचा सेनानी यी सुन-शिन याच्या आरमाराने त्याची समुद्रावरची रसद तोडली, तेव्हा ज्या पाण्याला नकाशाची कड मानले होते तेच पाणी युद्धाचे केंद्र झाले.

उत्तरेला आणि दक्षिणेला हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. होक्काइदो हे नाव १८६९ सालचे आहे. त्याआधी ते एझो होते, आयनू लोकांचा प्रदेश, आणि जपानी वस्ती त्याच्या दक्षिण टोकाला चिकटून होती. १६६९ मध्ये शाकुशाइनच्या नेतृत्वाखाली आयनूंनी तिथल्या जपानी मात्सुमाए घराण्याविरुद्ध मोठा उठाव केला. दक्षिणेला र्यूक्यू हे स्वतंत्र राज्य होते. १६०९ मध्ये क्यूशूवरच्या सात्सुमा संस्थानाने ते जिंकले तरी चीनशी त्याचे संबंध चालूच राहिले आणि १८७९ मध्ये ते औपचारिकपणे जपानला जोडण्यात आले. पॅराडॉक्स कंपनीच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या गेमने आयनू आणि र्यूक्यू यांना स्वतंत्र सत्ता म्हणून स्थान दिले, ही त्याची जमेची बाजू आहे. शत्रूचे आरमार मध्ये उभे असेल तर सामुद्रधुनी ओलांडता येत नाही, हा त्यातला नियमही मोलाचा आहे. परंतु बहुतेक खेळांचा शेवट एकाच चित्राने होतो: सगळी बेटे एका रंगाची. जणू ती एका रंगाची व्हायचीच होती आणि मधली दोनशे वर्षे फक्त त्यासाठी लागलेला उशीर होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो रंग चढताना पाहिला असे लोक आजही होक्काइदोतल्या साप्पोरोत आणि र्यूक्यूतल्या नाहात राहतात. जपानच्या संसदेने आयनूंना मूळ रहिवासी म्हणून कायद्याने मान्यता दिली ती २०१९ साली.

भूगोलाचे राष्ट्रीय गुणात रूपांतर करण्याची एक सवयही या गेमना आहे आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. 'सिव्हिलायझेशन ६' मध्ये तेराव्या शतकातल्या होजो तोकिमुने या जपानी नेत्याच्या पथकांना किनाऱ्यालगत लढताना कायमचे अधिक बळ मिळते आणि त्या गुणाला 'दैवी वारा', म्हणजे कामिकाझे, असे नाव दिलेले आहे. १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांच्या वेळी वादळे आली ही हवामानाची घटना होती. त्यासोबत दुसऱ्या स्वारीच्या वेळी हाकाताच्या किनाऱ्यावर माणसांनी उभारलेली दगडी भिंत होती, दोन महिने दिलेली झुंज होती. वादळाचे देवाच्या कौलात रूपांतर नंतर झाले आणि विसाव्या शतकात त्या कल्पनेच्या नावाखाली तरुण वैमानिकांना मरणाकडे पाठवले गेले. अशी कल्पना गेमच्या नियमात जशीच्या तशी उतरवणे म्हणजे प्रचाराला भूगोल म्हणून मान्यता देणे आहे. वारा खेळात आणायचाच असेल तर तो ऋतू म्हणून आणावा, जो दोन्ही बाजूंची जहाजे बुडवू शकतो.

हा दोष एका देशापुरता नाही. 'एम्पायर: टोटल वॉर' हा १७०० साली सुरू होणारा गेम मराठी खेळाडूंना जवळचा आहे, कारण त्यात मराठ्यांचे राज्य घेऊन खेळता येते. त्यात श्रीलंकेचे सगळे बेट डचांच्या रंगात आहे. प्रत्यक्षात डचांकडे किनारा होता. डोंगरांतले कँडीचे राज्य १८१५ पर्यंत टिकले आणि त्याआधी पोर्तुगिजांच्या सेना १५९४ मध्ये दांतुरे येथे, १६३० मध्ये रांदेनिवेला येथे आणि १६३८ मध्ये गन्नोरुवा येथे त्याच डोंगर-जंगलांत नष्ट झाल्या होत्या. बेट म्हणजे एक तुकडा, हा समज इथे एका अख्ख्या राज्याला गिळून टाकतो. त्याच गेममध्ये आपल्या कोकण किनाऱ्यावर वर्षाचे दोनच टर्न आहेत, उन्हाळा आणि हिवाळा. पावसाळा नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात होडी न लोटणाऱ्या माणसांच्या समुद्रावर बाराही महिने आरमार फिरते. १६७९ मध्ये खांदेरीच्या वेढ्यात उथळ बुडाची मराठी होडकी रात्रीच्या अंधारात इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर सामान पोहोचवत होती. त्या लढाईचे सारे गमक पाण्याच्या खोलीत होते. कोकणातला वाचक ही गोष्ट लगेच ओळखेल, आणि म्हणूनच नोशिमाची गोष्टही त्याला परकी वाटणार नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो प्रामाणिक आहे. गेम म्हणजे पाठ्यपुस्तक नाही, प्रत्येक ओहोटी मोजायला लावली तर कोणी खेळणार नाही, सुलभीकरण करावेच लागते. करावेच लागते, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न कोणत्या गोष्टी वगळायच्या हा आहे. स्ट्रॅटेजी गेमचा आनंद अडचणीतून मार्ग काढण्यात असतो आणि भूगोल काढून टाकला की अडचण भरून काढण्यासाठी शत्रूचे सैनिक वाढवावे लागतात. १५८२ च्या हिवाळ्यात हिदेयोशीने काय केले ते आठवावे. नोबुनागा मरण पावला होता. त्याच्या वारशाचा दुसरा दावेदार शिबाता कात्सुइए एचिझेनमध्ये, बर्फाच्या पलीकडे होता. हिदेयोशीने बर्फ पडण्याची वाट पाहिली, वाटा बंद झाल्यावर बिवा सरोवराकाठचे नागाहामा घेतले, गिफूला नमवले, आणि कात्सुइए मदतीला येऊ शकला नाही. वसंतात त्याने बर्फ उपसून वाट काढली तोवर पट उलटला होता. १५८३ मध्ये शिझुगाताके येथे त्याचा पराभव झाला आणि कितानोशो किल्ल्यात त्याने प्राण दिले. सेंगोकु काळातला, म्हणजे जपानच्या यादवी युद्धांच्या काळातला, याहून सुंदर डाव मला माहीत नाही. शोगुन २ मध्ये तो खेळता येत नाही, कारण तिथे खिंड बंदच होत नाही.

म्हणून गेम बनवणाऱ्यांकडे माझी मागणी मोठी नाही. झाडे आणि लाटा अधिक सुंदर करण्यावर जो खर्च होतो त्यातला थोडा भाग जुन्या किनाऱ्याच्या अभ्यासावर व्हावा. काही खिंडींना तीन-चार महिने कुलूप असावे. सामुद्रधुनीतून जाण्यासाठी दिशा आणि वेळ निवडावी लागावी, आणि तिथल्या लोकांशी मैत्री केली तर ती निवड सोपी व्हावी. समुद्रातून तांदूळ स्वस्तात जावा आणि डोंगरातून महागात. नकाशाच्या कडेला असलेल्या बेटाला कडेपलीकडेही दार असावे. यातले काहीही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे नाही. बंधाऱ्याची आज्ञा चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर बसत होती. आणि परीक्षणे लिहिणाऱ्यांनी, यूट्यूबवर मराठीतून गेम दाखवणाऱ्या तरुणांनीही, 'ग्राफिक्स कसे आहे' या प्रश्नाच्या शेजारी 'या नकाशावर काय करता येत नाही' हा प्रश्न ठेवावा.

कुरुशिमा सामुद्रधुनीतून आज हजारो टनांची मालवाहू जहाजे जातात आणि तिथला वाहतुकीचा नियम अजूनही प्रवाहाने ठरतो. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या जहाजाने मधली वाट घ्यायची, प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याने पश्चिमेची. भरती फिरली की दोन्ही वाटांवरची वाहतूक आपली बाजू बदलते. किनाऱ्यावरचे फलक खलाशांना प्रवाहाची दिशा आणि वेग दाखवत राहतात. मुराकामींचा वाटाड्या डोलकाठीपाशी उभा राहून हेच सांगत असे.